मालकिणीला कोण काढणार

माणसाला कामावरून काढतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण माणूस स्वतःच उभा राहून, चारचौघांदेखत, हात जोडून स्वतःला कामावरून काढतो, हे मी फक्त माझ्या आक्काचं बघितलं. आज एवढी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं फिरतं. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. तिचं तसं नव्हतं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

आक्का माझी थोरली बहीण. नवऱ्यानं टाकलेली. तेरजवळच्या आमच्या गावात ती भावाच्या घरी राहायची. भाऊ वाईट नव्हता, वहिनीही वाईट नव्हती. पण टाकलेल्या बाईला माहेरी जागा असते, हक्क नसतो. ती सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागून जेवायची आणि तिची वाकळ रोज जिथं जागा उरेल तिथं पडायची. कधी चुलीपाशी, कधी ज्वारीच्या कणगीपाशी. स्वतःची अशी एक पेटीसुद्धा तिच्यापाशी नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात तेरणेचं पात्र कोरडं ठणठणीत पडलं आणि सगळं गाव खडी फोडायला गेलं. काय मोठा जमीनवाला, काय आमच्यासारखा, समदे एका रांगेत. फक्त पाण्याचे माठ तेवढे वेगळे. दुष्काळानं विहिरी आटवल्या, ते मात्र काही आटलं नाही. मी आक्काच्या शेजारी बसून बारकी खडी टोपल्यात भरायचे. दुपारी सुकडी मिळायची, ती दोघी एका फडक्यात घेऊन खायचो.

त्या कामावर एक पुढारी यायचे. धाराशिवचे. सरकारी कागदात तेव्हा उस्मानाबाद होतं, पण आमच्या तोंडात धाराशिवच. पांढरी टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा, आवाज मात्र मऊ. सोसायट्या काढायचं त्यांना वेडच होतं. दुधाची काढली, कोंबड्यांची काढली. आता बायकांची रेडिओची काढायची म्हणत होते. पुण्याची एक कंपनी सुटं सामान पाठवणार, इथल्या बायकांनी ते जोडून द्यायचं. लोक पाठीमागं हसायचे. म्हणायचे, कोंबड्या मेल्या, आता रेडिओ मारायचेत.

एक दिवस ते आमच्या रांगेतून चालत आले आणि आक्काच्या ढिगापाशी थांबले. तिची खडी एकसारखी असायची, चाळून काढल्यासारखी. त्यांनी खाली वाकून दोन खडे हातात घेतले, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “ऊठ बाई. हे काम तुझं न्हाय.”

आक्का उठली. लुगडं झटकलं. हातोडा मुकादमाला नेऊन दिला. एवढंच झालं. पण त्यानंतर ती त्या माणसाविषयी बोलायला लागली की पदर नीट करायची.

धाराशिवच्या बाहेर माळावर पत्र्याची लांबलचक शेड उभी राहिली. लांब टेबलं, त्यावर ओळीनं दिवे. तारेला तार जुळवून वर वितळलेल्या कथलाचा थेंब सोडायचा. त्याला आम्ही डाख म्हणायचो. राळेचा धूर नाकात जायचा, डोळे चुरचुरायचे. पण डोक्यावर सावली होती, आणि सगळ्या बायकांना मिळून एकच माठ होता. पहिल्यापहिल्यांदा दोघी-तिघी घरून तांब्या आणायच्या. मग आणायच्या बंद झाल्या. त्यांना कुणी काही बोललं नाही, त्यांचा त्यांनाच कंटाळा आला असावा.

सुरुवातीला आक्कानंही डाख लावला, मग ती शेवटच्या टेबलावर बसायला लागली. जोडून आलेल्या रेडिओत सेल घालायचे आणि लावून बघायचा, हे तिचं काम. कान लावून, बटण फिरवत हळूच म्हणायची, “बोल बाई.” खरखर व्हायची आणि मग परभणी नाहीतर हैदराबाद बोलायला लागायचं. रोज तेच, पण रोज तिचा चेहरा उजळायचा.

सोसायटी म्हटल्यावर बायका नुसत्या कामगार नव्हत्या, सभासद होत्या. आक्कानं सोसायटीचा एक भाग विकत घेतला, पुढं तिला संचालक मंडळातही घेतलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तिनं धाराशिवात एक खोली भाड्यानं घेतली. एक खण, एक खिडकी आणि दाराला कुलूप. त्या कुलपाची किल्ली तिच्या कमरेला. कुठंही बसली तरी हात एकदा कमरेला जाऊन यायचा. वहिनी एकदा येऊन गेल्या, तर आक्कानं त्यांना आधी जेवायला वाढलं आणि आपण त्यांच्याबरोबरच ताट घेऊन बसली. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

मॅट्रिक झाल्यावर मी तिच्याकडं राहायला आले आणि शेडमध्ये लागले. पण रोजंदारीवर. मला सभासद व्हायचं होतं. ते पांढऱ्या टोपीचे पुढारीच आमचे चेअरमन, ते म्हणायचे, पुढच्या सभेत बघू. पुढची सभा आली की परत पुढची. मी आक्काशी भांडायचे, तू संचालक असून काय उपयोग, नावाला संचालक. ती हसायची. म्हणायची, थांब की जरा, धीर धर.

आमच्या वार्षिक सभेची एक रीत होती. चेअरमन ठराव वाचायचे, एक बाई उठून हात जोडून “अनुमोदन” म्हणायची, बाकीच्यांचे हात वर, “मंजूर”. मग दुसरा ठराव, परत हात वर. ऐकायचं कुणी नाही. चेअरमनच्या मागं भट्टीवर चहा उकळत असायचा आणि बुंदीचा वास सुटलेला असायचा. कुणी कधी हात खाली ठेवल्याचं मला आठवत नाही. तसं करणं म्हणजे घरच्या लग्नात जेवायला न बसण्यासारखं वाटलं असतं.

मग टेलिव्हिजन आला. पुण्या-मुंबईकडं रंगीत आला म्हणून पेपरात यायला लागलं. पुण्याच्या कंपनीनं रेडिओ कमी केले, मग सामान पाठवायचंच बंद केलं. आम्ही शेडमध्ये जाऊन नुसत्या बसायचो. पुसलेली टेबलं पुन्हा पुसायची, गप्पा मारायच्या, संध्याकाळी घरी. चेअरमन पुण्याला खेटे घालत होते. दरवेळी येताना जास्तच वाकलेले दिसायचे. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या.

एका संध्याकाळी ते आमच्या खोलीवर आले. आत या म्हटलं तर उंबऱ्यावरच टेकले. मी चहा ठेवला. ते म्हणाले की, सोसायटी बंद करायचा ठराव आणावा लागतोय, न्हायतर कर्ज वाढत जाईल. ठराव मी मांडतो, अनुमोदन तू दे. तू उठलीस की बाकीच्या बायका हात वर करतील, वादावादी होणार नाही. बोलताना ते आक्काकडं बघत नव्हते.

ते गेल्यावर मी आक्काला म्हटलं, “न्हाय म्हण. तुझ्या पोटावर तूच पाय देणार व्हय?”

“एवढा मोठा माणूस दारात आला. न्हाय कसं म्हणू?”

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते मी तिला ऐकवलं. आणखीही बरंच ऐकवलं. कंपनीला पत्र लिहू, दुसरं काम आणू, निदान सगळ्यांना थोडे थोडे पैसे द्यायला लावू, मग बंद करू. कमरेची किल्ली काढून तिनं ती पदरानं पुसली आणि परत खोचली.

सभेत मला बसायचा अधिकार नव्हता, सभासद नव्हते ना. मी मागं भट्टीपाशी चहा गाळत होते. चेअरमननी ठराव वाचला. स्पष्ट वाचला, काही लपवलं नाही. आक्का उठली. हात जोडले. “अनुमोदन,” म्हणाली. बायकांनी एकमेकींकडं बघितलं आणि हात वर केले. सगळ्यांनी. त्यातल्या निम्म्यांना कळलं होतं आपण काय करतोय ते. तरी केले. मग बुंदी वाटली आणि सगळ्यांनी ती खाल्लीसुद्धा. मी गाळणी भट्टीवर आपटली, तर एकजण म्हणाली, काय गं बाई, भाजलं काय.

बायका पांगल्या. कुणी रानात मजुरीला गेल्या, कुणी तेरखेड्याला फटाक्यांच्या कामाला. डाख लावून लावून बोटं सवयीची झाली होती, त्यामुळं वाती भरायला त्यांना लगेच घेतलं म्हणे. एकजण भूमच्या बाजारात बांगड्या विकताना दिसायची. आम्ही दोघी मात्र आस लावून होतो. पुण्याच्या त्याच कंपनीनं टीव्हीचा कारखाना काढला होता, आणि ज्यांचं जुनं काम सुटलं अशा शिकलेल्या हातांना तिथं आधी घेणार होते. अट एकच. कामावरून कमी केल्याचा दाखला हवा.

आम्ही दोघी नोकऱ्यांच्या नोंदणीच्या कचेरीत गेलो. माझं काम पटकन झालं. मी रोजंदारीवरची, काम बंद झालं, कमी केलं. आक्काचा नंबर आला तेव्हा साहेबांनी कागद उलटसुलट केले. माणूस उर्मट नव्हता. म्हणाला, “बाई, तुम्हाला कुणी काढलं नाही. तुम्ही सभासद, म्हणजे मालक. ठरावाला अनुमोदनपण तुमचंच आहे. मालकिणीला कोण काढणार?”

आक्का म्हणाली, “व्हय साहेब.” आणि उठली.

मी उठले नाही. मी भांडले. ही कसली मालकीण, हिच्या हातावर कथलाचे चटके आहेत ते बघा म्हटलं. तिचा हात धरून त्यांच्या टेबलावर ठेवला. तिनं तो हळूच काढून घेतला. तिला माझी लाज वाटत होती, हे मला तेव्हाच कळलं. आणि मला आणखी राग आला.

चेअरमनना कुठून तरी हे समजलं. त्यांनी निरोप धाडला की ये, मागची तारीख घालून दाखला देतो, तू कामगार होतीस असं लिहितो. मी चप्पल घालून तयार. आक्का जागची हलली नाही. म्हणाली, समद्यांदेखत उभी राहिले, आता मालकीण न्हवतेच म्हणू? आणि त्या माणसाचा एकदा उपकार घेतला तेवढा बास.

मी पुण्याला गेले. एकटी. आक्कानं खोली सोडली, किल्ली घरमालकाला दिली आणि भावाकडं परत गेली. निघताना मला एसटीत बसवायला आली. गाडी सुटेपर्यंत तिचा हात सारखा कमरेला जात होता आणि तिथं काही नव्हतं.

पुण्यात टीव्हीच्या डब्यात डाख लावताना मी पुष्कळदा रडले. धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून सांगायचे. पाय स्थिरावल्यावर मी भोसरीत एक खोली घेतली आणि त्याच दिवशी कुलूपवाल्याकडून दुसरी किल्ली करून घेतली.

पुढं काही वर्षांनी परत पाऊस गेला. सुट्टीत गावी गेले तर वहिनी म्हणाल्या, आक्का कामावर गेल्यात. मी तशीच पाझर तलावाच्या कामावर गेले. लांबूनच ओळखली. सगळ्या ढिगांत एक ढीग एकसारखा होता. आक्का डोक्याला फडकं गुंडाळून खडी फोडत बसली होती. केस पिकले होते. मी शेजारी मातीत बसले आणि ती किल्ली तिच्या हातात ठेवली. म्हटलं, दाखला लागत नाही, कुणाचं अनुमोदन लागत नाही. चल.

तिनं किल्ली पदरानं पुसली. मग म्हणाली, “त्यांनी ऊठ म्हणलं, उठले. त्यांच्याच शब्दानं परत बसले. फिटलं बघ आता. तू राग सोड.”

मी म्हटलं, माझं नाही फिटलं. ती हसली. किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाली, येईन की, एवढं काम होऊ दे. पुढच्या वेळी विचारलं तर म्हणाली, येईन, सुगी होऊ दे. तिच्या ‘येईन’ला मी पुढं विचारणं सोडून दिलं. मीही दोन खोल्या बदलल्या, भोसरीच्या त्या खोलीच्या जागी तर पुढं इमारत झाली.

आक्का गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला बाजूला घेतलं आणि पदराच्या गाठीतून एक किल्ली काढून दाखवली. घासून घासून ती पांढरी पडली होती. अंघोळीच्या वेळी कमरेला सापडली, म्हणाल्या. घरातल्या समद्या पेट्या बघितल्या, माळ्यावरची ट्रंकसुद्धा काढून बघितली, दाराची कुलपं बघितली.

“कशालाच लागंना,” त्या म्हणाल्या. “कशाची असंल ओ?”