एका सहीसाठी आठवडा बसवून ठेवणारे आमचे साहेब

साहेब गेले. मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

कालपासून बँकेच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता पूर आलाय. 'देवमाणूस.' 'कर्मयोगी.' 'गोरगरिबांचा कैवारी.'

कैवारी म्हणे! लिहिणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही?

सगळे लिहायलेत तर मीपण लिहिते.

एमबीएचं पहिलं वर्ष संपल्यावर मी जिंतूरच्या एका ब्रांचला समर इंटर्न होते. परभणीहून एसटीनं जायचे, ऊन लागू नये म्हणून तोंडाला ओढणी गुंडाळून. साहेब तिथं मॅनेजर.

पहिल्याच दिवशी म्हणाले, "बेटा, बँकिंग म्हणजे रिलेशनशिप."

केवढं भारी वाटलं होतं मला! येडी कुठली.

रिलेशनशिप म्हणजे काय ते लवकरच कळलं. व्यापारी आले की केबिन, एसी, लस्सी. बाकीच्यांनी बाहेर पंख्याखाली गुमान बसायचं.

माझ्या प्रोजेक्टचा विषय 'ग्राहकांचे समाधान'. साहेब म्हणाले, "विचारत नको बसू कुणाला. सगळीकडं 'उत्तम' लिहून टाक."

अशात एका सोमवारी चंद्रकलाबाई आल्या.

ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या. सहा महिने फडावर, केवायसी राहून गेलेली, त्यामुळं खातं बंद पडलेलं. पैसे त्यांचेच, घामाचे. पण खातं चालू करायचं तर मशीनवर अंगठा लागला पाहिजे.

अंगठा लागेना.

कसा लागणार? कोयता धरून धरून बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. आमच्याकडं अशा बाया हंगाम संपला की रोज येतात. बँकेत सगळ्यांना हे माहीत असतं.

त्यावर सोय होती. मॅनेजरनं कागद बघायचे, माणूस ओळखायचा, सही करायची. संपलं. पण त्यासाठी खुर्चीवरून बूड उचलावं लागतं ना!

बाई मला म्हणाल्या, "माय, माज्या सुरेखाचा परभणीला नर्सिंगला नंबर लागलाय. शुक्रवारपस्तोर फी भरली न्हाई तर जागा दुसऱ्याला जाती. गावात कुनाकडं मागावं? समदेच आमच्यासारखे."

सुरेखा दारापाशी उभी होती. माझ्याच वयाची. मार्कांचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेला.

मी केबिनमध्ये गेले. साहेब फोनवर होते. हातानंच 'नंतर' म्हणाले.

मंगळवारी बाई परत. मशीनचा लाल दिवा परत.

साहेब केबिनच्या दारातून ओरडले, "अगं मावशी, अंगठा घासून ये की जरा चांगला!"

दोघं-तिघं हसले. साहेबांना विनोदाची लय हौस.

बुधवारी बाई घासून आल्या.

वजरीनं. टाचा घासायच्या दगडानं. रात्री बसून अंगठा घासला होता त्यांनी. सालटं निघालेलं, वर हळद दाबलेली. साहेबानं सांगितलं म्हणजे खरंच असणार, असं वाटलं त्यांना.

मला म्हणाल्या, "बग की माय, आता लागंल का?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. न विचारता केबिनमध्ये घुसले.

"सर, तुमच्या एका सहीनं काम होतंय. पोरीचं वर्ष जाईल."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "ऑडिटला उत्तर तू देणार का? इंटर्न आहेस, इंटर्नसारखं राहा. जाताना चहा सांग दोन."

गुरुवारी साहेबांनी बाईंना बसायला खुर्ची दिली. फक्त खुर्ची.

शुक्रवारी साहेब दुपारीच निघाले. सासुरवाडीला आमरसाचं जेवण होतं. बाई गेटपर्यंत मागं गेल्या. "सायेब, आजचा शेवटचा दिस हाय."

"सोमवारी बघू, मावशी." गाडीची काच वर.

सोमवारी साहेब एकदम खुशीत. स्वतःहून हाक मारली, कागद मागवले, सही ठोकली. चहा निवला नाही एवढ्यात काम झालं.

"बघा मावशी, झालं का नाही तुमचं काम?"

आणि चंद्रकलाबाई त्यांच्या पाया पडल्या.

पाया पडल्या हो! जागा शुक्रवारीच गेली होती. साहेबांनी तोंडभरून आशीर्वादही दिला.

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "सायेबाचा काय दोष माय? माजाच अंगठा खराब."

त्या दिवशी मी एसटीत परभणीपर्यंत रडत गेले. रागानं.

सुरेखाचं पुढं नर्सिंग झालं नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं. आता नवऱ्याबरोबर तीही ऊसतोडीला जाते.

आमचं अधूनमधून फोनवर बोलणं असतं. काल मी तिला फोन लावला. म्हटलं, "अगं, ते मॅनेजर साहेब वारले."

फोनवर कोयत्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता शिवी हासडेल. हासडली असती तर बरं झालं असतं.

ती आवाज बारीक करून म्हणाली, "ताई, आईला सांगू नको हं. हितंच मोळ्या बांधायलीय. काम टाकून रडत बसंल. लय चांगला मानूस म्हनती ती त्याला. अजून नाव काढती."



साहेब, ग्रुपवर हात जोडणाऱ्यांपैकी एकाच्याही डोळ्यात टिपूस नाही. परवा कुणाला तुमची आठवण नसेल.

तुमच्यासाठी खरंखुरं रडेल असं माणूस मला तरी एकच माहीत आहे. ते आत्ता उन्हात मोळ्या बांधतंय.

तुमची तेवढी लायकी नव्हती, साहेब.

या आता. श्रद्धांजली चंद्रकलाबाईंच्या वतीनं. भावपूर्ण त्यांची असेल, माझी नाही.