वीस जागा आणि एक डबा

आमच्या अमरावतीच्या केंद्रात मोटार वाइंडिंगचा फुकट कोर्स चालतो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायला शिकवतो. जागा वीस, अर्ज दोनशेच्या वर! म्हणून सगळी नावं डब्यात टाकून सर्वांसमोर चिठ्ठ्या काढायच्या, असा हट्ट मी धरला. तेव्हापासून माझे मित्र कमी झाले आणि किस्से वाढले.

*

पहिल्याच वर्षी केंद्राचे साहेब म्हणाले, "मॅडम, दोन जागा हातात ठेवा."

"ठेवते. तेवढं लेखी द्या."

"लेखी कशाले?"

साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

*

एका पुढाऱ्याचा फोन आला. "आमच्या पोराचं काम करून टाका."

"करते ना! त्याचं नाव डब्यात टाकते."

"डब्यात नाही हो, यादीत टाका!"

"भाऊ, यादी डब्यातूनच निघते."

फोन आपटल्याचा आवाज मला अजून आवडतो.

*

तेल्हाऱ्याच्या एका पठ्ठ्याने चार अर्ज भरले. नावं चार, फोटोतला चेहरा एक, फक्त शर्ट वेगळे!

"आमी चार भाऊ आहो जी," तो म्हणाला.

"चौघांची जन्मतारीख एकच?"

"जुळे आहो."

"चौघंही?"

जरा विचार करून म्हणाला, "दोन-दोनदा जुळे झाले जी!"

मी तीन अर्ज त्याच्यासमोर फाडले. खऱ्या नावाचा चौथा डब्यात गेला, कारण एका चिठ्ठीचा हक्क त्यालाही होता.

*

नांदगाव खंडेश्वरचे एक काका मुलीला जागा मिळावी म्हणून संत्र्यांचं पोतं घेऊन आले. परत न्या म्हटलं, तर ऐकेनात. मी पोतं हॉलमध्ये सोडलं. दोनशे अर्जदारांनी फडशा पाडला! मुलीचं नाव काही निघालं नाही. काका जाताना माझ्या टेबलाशी थांबले. आता बोलणी खायची म्हणून मी तयारच होते.

"ते जाऊ द्या मॅडम. संत्री कशी होती?"

*

आमच्या गेटसमोर सरूबाई भाजी विकतात. त्यांना वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठ्या त्या काढतात आणि मी वाचते. त्यांची नात उज्ज्वला तीन वर्षं अर्ज करत होती. एकदाही नाव निघालं नाही, आणि सरूबाईंनी मला एकदाही शब्द टाकला नाही. वयाच्या अटीमुळे यंदाची तिची संधी शेवटची होती.

एकोणीस नावं झाली. उज्ज्वला खाली मान घालून बसलेली. विसावी चिठ्ठी मी उघडली आणि माझाच आवाज चढला, "उज्ज्वला!"

"सेटिंग हाय!" मागून कोणीतरी ओरडलं. मग अर्धा हॉल ओरडायला लागला.

माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत सरूबाईंनी माझ्या हातून चिठ्ठी घेतली.

"थांबा बाप्पा! हे वापस टाकतो. दुसरी काढतो."

उज्ज्वला ताडकन उठली, पुढे आली आणि डब्यावर आडवा हात धरला.

"आजी, इतके साल लोकाईची नावं काढली तुनं. एक तरी चिठ्ठी वापस टाकली काय?"

"नाही वं."

"मंग माहीच काहून टाकून राहिली?"

सरूबाईंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, मग चिठ्ठी माझ्या रजिस्टरवर ठेवली.

"लिवा मॅडम."