धक्क्यावर कोण मराठी बोललं

समुद्राला घाबरणारा माणूस मी नाही, आमच्या सात पिढ्या रेवदंड्याच्या. सातही पिढ्या शिंपी, आणि पोहता एकालाही येत नाही.

भुताखेतांवर तर माझा काडीचा विश्वास नव्हता. या ग्रुपवर लोक लिहितात, बेसमेंटमध्ये बाई दिसली, पांढरे कपडे, मोकळे केस... अरे, इथे कॅनडात ब्रॅम्पटनच्या बेसमेंटमध्ये आठ-आठ माणसं राहतात. त्यातली एखादी केस विंचरत असेल. मी हॅलिफॅक्सला एका हॉटेलात भांडी घासतो. शिक्षण आठवी, तेही मास्तर कंटाळले म्हणून संपलं. ब्रेकमध्ये तुमचे अनुभव वाचायचो आणि एकटाच हसायचो. आता तुम्ही हसा.

झालं असं, की सासूबाई इंडियातून सहा महिने राहायला आल्या होत्या. उभा जन्म त्यांनी अलिबागच्या बाजारात मासळी विकलेली. इथला फ्रोजन बांगडा बघून म्हणाल्या, "ह्याचं कालवन नको, ह्याचं तेरावं घाला." मी ड्रायव्हिंग शिकलो, बर्फ शोव्हल केला, त्यांना गुडघ्याचा पट्टा आणून दिला... पण सहा महिन्यांत "जमलं हो जावयबापू" एवढं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. परवाची फ्लाइट होती. म्हटलं, ताजा बांगडा खायला घालायचा आणि ते एक वाक्य वसूल करायचंच.

हॅलिफॅक्सपासून तासाभरावर किनाऱ्याला एक प्रोव्हिन्शियल पार्क आहे. दगडांचा लांब धक्का थेट समुद्रात गेलाय, त्यावर लोक गळ टाकून बसतात. टोकाच्या जरा अलीकडे धक्का खचलाय, तिथे दगड बसके. मी दुपारी टोकाला पोचलो. एक गोरा म्हातारा होता फक्त, अख्खा बांगडा कापून गळाला लावत होता. बांगडा! आपण ज्याच्यासाठी भांडतो ते हा माशांना चारा म्हणून घालतो. मी मनात म्हटलं, ह्यांना अक्कल कधी येणार.

मग मी माझी अक्कल दाखवली. पहिला हूक माझ्याच जॅकेटला लागला. दुसऱ्यांदा टोपी समुद्रात. म्हातारा म्हणाला, "फर्स्ट टाइम, बडी?" मी म्हटलं, "नो नो, फिशरमन फॅमिली." तो बिचारा माझी टोपी वाहत जाताना बघत राहिला.

पण मिळाले हो. चार-पाच बांगडे, चकचकीत, बादलीत फडफडत होते. तेवढ्यात धुकं आलं. इथलं धुकं म्हणजे कोणीतरी गोधडी टाकल्यासारखं. म्हातारा सामान उचलून गेला, जाताना मला म्हणाला, "डोन्ट स्टे लाँग." मी कशाला ऐकतोय.

शेवटी निघालो. बादली आणि रॉड एकदम झेपेना, म्हणून आधी बादली नेऊन त्या खचलेल्या दगडांवर ठेवली आणि रॉड घ्यायला मागे आलो. रॉड खांद्यावर टाकली, समुद्राकडे बघून जरा तोऱ्यातच म्हटलं, "चल, जातो मी."

वळून चालू लागलो. खचलेली जागा दोन पावलांवर आली आणि मागून आवाज आला, "जातो नाय म्हनू. येतो म्हन."

मराठीत. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, एकदम वैतागलेला. ओटीवर बसून आजोबा पोराला दटावतात ना, तसा. घाबरायला हवं होतं, पण सवय बघा. लहानपणापासून घराबाहेर पडताना तोंडातून "जातो" निघालं की मागून हेच ऐकलंय. माझे पाय आपोआप थांबले. मागे वळलो आणि म्हटलं, "हां, येतो."

मागे कोणी नव्हतं. दहा पावलांवर धक्का संपतो. पुढे नुसतं पाणी.

तेवढ्यात पाठीमागे धाडकन आवाज झाला. वळून बघतो तर एक लाट त्या खचलेल्या जागेवरून आरपार गेली. पाणी ओसरलं तेव्हा दगड होते, बादली नव्हती. दोन पावलं पुढे असतो तर... तुम्हाला सांगितलंय, पोहता येत नाही.

पुढची लाट येण्याआधी मी ती जागा हातापायांवर ओलांडली. गाडीत बसून आधी रडलो, मग हीटर लावला.

घरी आलो ओल्या पँटने, रिकाम्या हाताने. बायको सुजाता सगळं ऐकून म्हणाली, "मासे नाही मिळाले तर नाही म्हण ना. समुद्रात भूत घालायची काय गरज?" सासूबाई वरण-भात जेवल्या आणि बॅग भरायला गेल्या.

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी विचारलं, त्या दिवशी पार्कात कोणी होतं का. कोणी नव्हतं. एका इंजिनियरने मेसेज टाकला की वाऱ्याचे भास होतात. वाऱ्याला "नाय म्हनू" येतं का, एवढंच मी त्याला विचारलं, तर त्याने मला म्यूट केलं. मला स्वतःलाही अजून काही कळलेलं नाही. आणि वर "येतो" म्हणून बसलोय, म्हणजे एकदा जावं लागणार की काय, हा एक वेगळाच घोर.

एअरपोर्टवर सासूबाई सुजाताला म्हणाल्या, "येते गं." मी पाया पडलो आणि शेवटचा चान्स म्हणून विचारलं, "आई, तुम्ही सगळा जन्म समुद्राकाठी काढलात. तुम्हाला काय वाटतं, कोण असेल तो?"

त्यांनी पासपोर्ट पर्समध्ये घातला, चेन लावली.

"कोण व्हता ते मला ठाव नाय. पन त्या धक्क्यावर अक्कल असलेला एकच व्हता, जावयबापू. आनि तो दिसत नव्हता."