अकरावा पाईप

मेटमामा कुठल्याही दरडीला आधी हात लावत आणि मग तिची विचारपूस करत, घरातल्या आजारी माणसाची करावी तशी. "कसं हाय बाई? पानी जास्त झालं का?" मी तेव्हा नवाकोरा ज्युनिअर इंजिनीअर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रुमाल तोंडात कोंबून हसलो. मामांनी तिकडे लक्षच दिलं नाही. "तो निंब पाहा. वाकला ना? झाड वाकलं म्हंजे माती चालून राह्यली." मी गंभीरपणे निंबाचा फोटो काढला. दरडीचा काढायचा राहिला.

ते आमच्या मजुरांच्या टोळीचे मेट, म्हणजे मुकादम. वाशिमकडच्या मालेगावजवळ त्यांच्या गावात बौद्ध वस्तीतली सात घरं दरडीला पाठ लावून उभी होती; त्यातलं एक मामांचं. पूर्वी कधीतरी रस्त्याच्या भरावासाठी टेकडीचा पायथा उभा कापून नेलेला. वर भाऊसाहेबांचं शेत. पावसात त्या शेताचं पाणी दरडीत मुरायचं आणि ढेकळं खालच्या टिनांवर पडायची. ही दरड थोपवायचं काम माझ्याकडे आलं.

मी एका बैठकीत तोडगा काढला: घरं हलवा. नकाशावरचे सात चौकोन खोडरबरानं पुसले. फार सुबक दिसलं. मामांनी नकाशा उलटसुलट पाहिला.

"सायेब, ढोर शेतात घुसलं त तुमी शेत हलवता का?"

"मग काय करायचं?"

"उतार झोपवा. उभी माती थकते. आन् झोपवाले जागा लागते, ते वरून घ्या. ज्याचं पानी, त्याची जागा."

भाऊसाहेब कशाला ऐकतात? मी तीनदा गेलो, तीनदा ताक पिऊन परत आलो. मामांनी त्यांना भर पावसात घरी चहाला बोलावलं, एवढंच. भाऊसाहेबांनी कप उचलला आणि डोक्यावरचं टिन वाजलं. टण्ण. पुन्हा टण्ण. तिसऱ्याला चहा त्यांच्या पायजम्यावर.

"हे काय वाजून राह्यलं?"

"तुमचं शेत होय, भाऊसाहेब. दर पावसात थोडं थोडं आमच्या घरी येते."

भाऊसाहेबांनी वरचा पट्टा दिला. मामांनीही वस्तीच्या वतीनं शब्द दिला, की उतारावर गवत लावू आणि ते भाऊसाहेबांच्या ढोरांना जाईल. "एकट्याचंच नुकसान काहून करा?" असं त्यांचं म्हणणं.

उभी दरड तिरकी कापून उतार झोपवला. पायथ्याशी दगडी भिंत बांधली, तिच्यात अकरा पाईप ठेवले. "भितीनं माती अडवा, पानी नोका अडवू. पान्याले दार पाह्यजे," मामा म्हणाले. मी ते वहीत लिहून घेतलं. वहीत लिहिलं की डोक्यात ठेवावं लागत नाही.

पुढच्या पावसाळ्यात मोठे साहेब पाहणीला यायचे होते. पाईपांतून गढूळ ओघळ येऊन चुना लावलेली भिंत रडल्यासारखी दिसायची. मामा लेकीकडे शेलूबाजारला गेलेले. मी अकराही तोंडं सिमेंटनं बुजवली, वर चुना मारला. साहेब म्हणाले, "छान." त्या एका शब्दावर मी दोन दिवस तरंगलो. बोळे काढू, उद्या काढू, म्हणेपर्यंत झड लागली.

मामा परतले तेव्हा भिंतीला पोट आलं होतं. त्यांनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. आधी सातही घरांतली माणसं बाहेर काढली, मग पहार उचलली.

"मामा, पडू द्या भिंत!"

"भित पडली त घरं जातीन, सायेब."

ते एकेक पाईप फोडत गेले. दर वेळी पाण्याची धार सुटायची आणि मी मूर्खासारखा मोजत होतो. दहा झाले. अकराव्यापाशी भिंतीचं टोक त्यांच्या अंगावर आलं. बाकी भिंत उभी राहिली. घरंही.

जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "किती खोलले?"

"दहा, मामा."

"अकरावा तुमी खोला."

वाशिम येईपर्यंत ते थांबले नाहीत.

चौकशीत मी खरं ते सांगितलं. शिक्षा झाली, पुरेशी नाही झाली.

ते टोक पुन्हा बांधलं, पाईपासकट. दर पावसाळ्यात मी सळई घेऊन जातो, अकरावा साफ करतो, धार लागलेली पाहतो. मग मामी घरात बोलावते. भिंतीचा विषय ती कधी काढत नाही. मी टिनाखाली बसून कान देतो. पाऊस वाजत असतो, ढेकूळ एकही नाही.

"घ्या ना सायेब, थंडा होते."

मी कप उचलतो आणि चहा पँटवर सांडतो. टिनावर काहीच पडलेलं नसताना.