मोडणाऱ्या गाडीची वाट

आमच्या घरात कॉम्प्युटरच्या एका खेळाची जेवढी वाट पाहिली गेली, तेवढी माझ्या बारावीच्या निकालाचीसुद्धा कुणी पाहिली नव्हती. आणि वाट पाहणारे कोण? एक मी. नव्या जालन्यात स्टेशनकडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी, लग्नाचं नाव काढलं की फणकारणारी पोरगी. आणि दुसरे माझे वडील, आमचे अण्णा. त्यांनी सगळी उमर ट्रकवर काढलेली, आणि कॉम्प्युटरला ते शेवटपर्यंत टीव्हीच म्हणत राहिले.

दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं. अण्णा मोंढ्याच्या बाजारातून बियाण्याची पोती भरून इंदूर, हैदराबाद, रायपूर अशा खेपा करायचे. एका सकाळी घरीच दाढी करताना हातातला आरसा गळून पडला आणि त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू बोलणं परत आलं, काठी घेऊन चालणंही आलं. पण डावा हात, डावा पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. क्लच दाबायचा पाय नेमका डावा.

हे त्यांना कळलं त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आता गाडीत बसायचंच नाही. चालवायला तर नाहीच, पण नुसतं बसायलाही नाही. रिक्षा नाही, जीप नाही, एसटी नाही. इकडे औरंगाबादच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं, अधूनमधून आणून दाखवत जा, गोळ्या बदलाव्या लागतील, दुसरा झटका आला तर आमच्या हातात काही राहणार नाही. आई पदर डोळ्यांना लावायची आणि मी भांडायची. माझं डोकं तसंही लवकर फिरतं.

"दुसऱ्याच्या हातच्या गाडीत बसू अन् नुसता बाहीर पाहू? बिलकुल न्हाई," अण्णा म्हणायचे.

"मग काय उडत जाणार का औरंगाबादला?"

"मी कुठंच जाणार न्हाई म्हणून राह्यलो, तुला आयकू येत न्हाई का?"

असं रोजचं. आई मध्ये पडायची आणि दोघांच्याही शिव्या खायची.

क्लासमध्ये संध्याकाळची बॅच सुटली की मी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावून बसायची. क्लासचे मालक, आम्ही त्यांना सर म्हणायचो, मोठे मोकळ्या मनाचे. त्यांनाही नाद होताच. तर एकदा खेळता खेळता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्यात क्लच नाही! एका हातावर काम भागतं. अण्णांच्या हातात एकदा का अशी का होईना गाडी आली, की त्यांच्या मनातली ती अढी सुटेल, आणि अढी सुटली की ते गाडीत बसतील, औरंगाबादला येतील. असा माझा हिशोब. क्लास आमच्या गल्लीच्या तोंडालाच होता, काठी टेकत यायला त्यांना जमण्यासारखा. मी गोड बोलून त्यांना घेऊन गेले.

तो जुना खेळ म्हणजे नुसता पोरखेळ. बटणं दाबायची आणि गाडी सुसाट. अण्णांनी एका बोटानं बटण दाबून धरलं, गाडी भरधाव जाऊन भिंतीवर आदळली, चेंडूसारखी उडाली आणि पुन्हा पळायला लागली. काच फुटली नाही, साधा ओरखडासुद्धा नाही.

अण्णांनी बोट काढून घेतलं. "हे काय व्हय?"

"चालू द्या ना, काही होत नाही तिला."

"तेच म्हणून राह्यलो. काही व्हत न्हाई तिला. मंग ती गाडी कशाची?"

काठी उचलून ते निघाले. मी त्यांच्या मागं मागं घरापर्यंत बडबडत आले, पण त्यांचं बरोबर होतं हे मलाही कळलं होतं. तोंड वाकडं करून मी झोपले.

सरांकडे दर महिन्याला कॉम्प्युटरचं एक इंग्रजी मासिक यायचं. त्यात पुढच्याच महिन्यात छापून आलं की शर्यतीचा एक नवा खेळ येतोय, आणि हा खेळ नाही, अगदी खरं गाडी चालवणं आहे. टायर झिजतात. ब्रेक तापतात. वजन पुढं-मागं होतं. ओल्या रस्त्यावर गाडी घसरते. आणि धडकली तर मोडते. मोडते! मी ते पान सरांना न विचारता पर्समध्ये घातलं आणि घरी आणलं.

आई ज्वारी पाखडत होती, अण्णा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी मुद्दाम आईला सांगत असल्यासारखं मोठ्यानं मराठीत करून वाचलं. आई म्हणाली, "टीव्हीतली गाडी कशी मोडंल बाई?" मला वाटलं, अण्णा झोपले. दुसऱ्या दिवशी मी केस विंचरत असताना मागून आवाज आला.

"ब्रेक तापतो म्हणलीस. मंग उतारावर काय करतेत?"

मी आरशातच हसले. "माहीत नाही. विचारते सरांना."

"त्याला काय इचारती. गियरमध्ये गाडी उतरवायची. एवढं केलं असंल का त्या लोकाईनं?"

झालं. तिथून आमच्या घरात रोज तो खेळ येऊ लागला, यायच्या आधीच. चहा पिताना अण्णा एखादी शंका काढायचे. मालानं भरलेली गाडी आणि रिकामी गाडी ह्यातला फरक कळतो का? समोरून लाईट आल्यावर डोळे दिपतात का? टायर गरम झाल्याचा वास तर काही ते दाखवू शकणार नाहीत. मग सगळ्यात मोठी शंका. "गाडी डोळ्यानं चालत न्हाई, बुडाखाली कळती. खुर्चीत बसून काय कळणार?" मी मासिकाचं ते पान पुन्हा उलटंपालटं करून पाहिलं. बुडाखालचं त्यात काही छापलेलं नव्हतं. पण शंका काढता काढता अण्णा उठून बसायला लागले होते, आणि मला तेवढंही लई होतं.

खेळ मात्र येईना. दिवाळीत येणार म्हणाले, नव्या वर्षात येणार म्हणाले, मग काम वाढलंय म्हणून उन्हाळ्यावर ढकललं. दर वेळी मासिक आलं की मी आधी तेच पान उघडायची आणि चिडून मिटायची. अण्णा विचारायचे, "आली का गाडी?" जणू कंपनीतून डिलिव्हरी यायची होती. मला तर आता भीती वाटायला लागली. समजा फोटो खोटे निघाले? समजा हाही चेंडूसारखा उड्या मारणारा निघाला? मी त्या माणसाला इतके महिने आशेवर ठेवलंय. एकदा तोंड फिरवलंच आहे त्यांनी, दुसऱ्यांदा फिरवलं तर परत वळवायला माझ्याकडं काही उरणार नाही. सर वेगळीच भीती घालायचे. "मॅडम, आपल्या कॉम्प्युटरच्या ह्या जुन्या डब्यावर हा खेळ चालायचा नाही हं." मी म्हणायची, "तुम्ही शुभ बोला ना सर!"

सरांनीच कुठून तरी वापरलेलं स्टिअरिंग आणलं, टेबलाला आवळून बसवायचं, खाली दोन पॅडल. आणि ऐन उन्हाळ्यात, कूलरमध्ये पाणी भरताना, सरांचा निरोप आला की सीडी आली. मी तशीच ओल्या हातानं पळाले.

लावली. आणि बसला ना धक्का! सरांचं खरं झालं. गाडी थोडी सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. मला रडूच कोसळलं. सर म्हणाले, "थांबा, थांबा, चित्रातलं ओझं कमी करून पाहू." आम्ही सेटिंगमध्ये जाऊन झाडं काढून टाकली. ढग काढले. बघायला बसलेली माणसं काढली. डोंगर काढले. शेवटी उरला एक रखरखीत रस्ता आणि एक गाडी. तेव्हा कुठं ती गाडी नीट धावली. मी म्हटलं, अंबड रोडसारखाच दिसतोय, अण्णांना ओळखीचा वाटेल.

संध्याकाळी अण्णा आले. धुतलेला शर्ट घातला होता. खुर्चीत बसले, आधी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला, मग खाली वाकून पाहिलं.

"क्लच कुठाय?"

"नसतो ह्याला. गियर आपोआप पडतो."

"आपोआप? मंग डायव्हर कशाला पाह्यजे?"

मी कपाळावर हात मारला. गियर हातानं टाकायचं सेटिंग केलं, पण ती बटणं स्टिअरिंगच्या मागं, आणि डाव्या बोटांना ती दबेनात. मग मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं आणि कीबोर्ड मांडीवर घेतला. अण्णा म्हणायचे, "दुसरा," की मी दुसरा टाकायची. "तिसरा. थांब, थांब, एवढी घाई काय? आवाज आईक की गाडीचा. हां, आता."

शर्यत बाजूलाच राहिली, बाकीच्या गाड्या केव्हाच पुढं गेल्या होत्या, अण्णांनी त्यांना साईड देऊन टाकली होती. एका वळणावर मी चौथ्याचा दुसरा टाकायला उशीर केला, गाडी मागून घसरली आणि कठड्याला जाऊन भिडली. बॉनेट वर आलं. पुढचं चाक वाकडं झालं. अण्णांनी रेस दिली, इंजिन घरघरलं, गाडी हलली नाही.

मी श्वास धरून त्यांच्याकडं पाहत होते.

"मोडली!" अण्णा म्हणाले. "अगं पाह्य, खरंच मोडली!" आणि हसायला लागले. आजारपणानंतर त्यांचं तोंड एका बाजूला जरा ओढलेलं राहिलं होतं, तसेच ते वाकडे हसत राहिले. सरही हसायला लागले, मीही.

"पुन्हा लावू का?" मी हात पुढं केला.

अण्णांनी माझा हात धरला. "येडी का काय? ॲक्सिडेंट झालेली गाडी त्याच दिवशी पुन्हा काढतेत व्हय?"

किती सांगितलं की ही ती गाडी नाही, एक बटण दाबलं की नवी कोरी येते. ऐकलं नाही म्हणजे नाहीच. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन आले. सरांनी मुकाट्यानं क्लासच्या पायरीवर फोडला, बॅचच्या पोरांना खोबरं वाटलं, आणि मगच आमची गाडी निघाली.

ते दिवस आता सारखे आठवतात. संध्याकाळची पिवळी उन्हं खिडकीतून टेबलावर यायची, बाहेर रिक्षावाल्यांचा कालवा, आणि आम्ही बापलेक झाडंझुडपं नसलेल्या त्या रस्त्यावर. अण्णा मला गियर कधी टाकायचा ते सांगतायत आणि मी 'हो हो, कळतंय मला' म्हणून तोंड करतेय. त्याच्याइतकं सुख मला नंतर कोणत्या गाडीत मिळालं नाही.

पण औरंगाबाद? त्याचं नाव काढलं की पुन्हा तेच. "बिलकुल न्हाई." माझा हिशोब साफ चुकला होता. त्यांना चालवायला गाडी मिळाली होती, आता खऱ्या गाडीत बसायची गरजच काय उरली? डॉक्टरांची तारीख तोंडावर आली, आई पुन्हा रडायला लागली, आणि एका संध्याकाळी खेळता खेळता माझा तोल गेला. मी कीबोर्ड टेबलावर आपटला.

"तुमच्यासाठी गियर टाकून टाकून बोटं दुखली माझी. खऱ्या गाडीचा गियर कधी धरू दिलात का मला? तुमचे सगळे क्लिनर डायव्हर झाले. मी तुमच्या पोटची, मला साधा क्लच माहीत नाही!"

अण्णांनी समोरच्या थांबलेल्या गाडीकडं पाहिलं. मग काठी घेऊन उठले.

त्यानंतरच्या रविवारी दारात जीप उभी. अण्णांचा जुना क्लिनर आता स्वतःची जीप चालवायचा, त्याला त्यांनी बोलावून घेतलं होतं. "स्टेशनमागच्या मैदानात ने हिला," ते त्याला म्हणाले, आणि स्वतः मागून चालत आले.

मी स्टिअरिंगवर बसले, तो क्लिनर शेजारी. अण्णा उन्हात काठी टेकून लांब उभे. मी क्लच सोडला, जीपनं उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा उडी, पुन्हा बंद. अण्णा ओरडून काहीतरी सांगत होते, इंजिनात ऐकू येत नव्हतं. तिसऱ्यांदा गियर असा कर्रकन वाजला की त्यांनी काठीच उगारली आणि लंगडत, धुळीतून तरातरा जीपकडं आले.

"उतर रे तू," ते क्लिनरला म्हणाले.

तो उतरला. अण्णांनी दांडी धरली, डावा पाय हातानं उचलून आत ठेवला, आणि माझ्या शेजारी बसले. दार ओढून घेतलं. क्लिनर बाहेर तोंडावर हात धरून उभा होता. मी हललेसुद्धा नाही.

"माझ्या तोंडाकडं काय पाहून राह्यली? पुढं पाह्य. क्लच दाब. पयला टाक. आता सोड... हळू. हळू माय, ती तुझ्यावर रुसली न्हाई."

जीप सरकली. मैदानाला एक चक्कर झाली, मग दुसरी. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, सारखे डोळे भरून येत होते आणि पुसायला हात सोडायची हिंमत होत नव्हती.

"औरंगाबादची तारीख कवाची म्हणली व्हतीस?" अण्णांनी समोर पाहतच विचारलं.

"परवाची."

"मंग परवा जाऊ," ते म्हणाले. "पण गाडी ह्या पोऱ्याला चालवू दे. तुझा हात अजून कच्चा हाय."