बाजेपासून संडासापर्यंतचा नकाशा

खुब्याचं ऑपरेशन होऊन बाबा घरी आले आणि आठवडाभरात त्यांनी पाणी पिणं जवळजवळ सोडलं. केनवडकडचा एप्रिल, पत्रे तापलेले, आणि हे नुसते ओठ ओले करून गिलास परत द्यायचे. मी चिडले.

"काहून पीत नाई तुमी?"

"पेलं का जा लागते," ते म्हणाले.

संडास अंगणाच्या कोपऱ्यात. जायचं तर एकीकडून माय, दुसरीकडून मी. जन्मभर गवंडीकाम केलेल्या माणसाला पोरीच्या खांद्यावर हात टाकून तिथं जायची लाज वाटत होती. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घेतलेला वॉकर नवाच्या नवा पडून होता, कारण बाज, लोखंडी कपाट आणि सोयाबीनची पोती यांतून तो निघतच नव्हता.

मी तेव्हा वाशिमला आयटीआयत ड्राफ्ट्समनचा कोर्स करत होते. वर्गात लोकांचे बंगले काढायचे आणि घरी बापाला वाट नाही, म्हणजे काय चाटायचंय त्या शिक्षणाला? रविवारी बाबांचाच जुना टेप काढला. माय एका भिंतीशी टोक धरून उभी, मी दुसऱ्या. एका फुटाला एक सेंटिमीटर धरून भिंती, खिडकी, दार कागदावर उतरवलं. बाबा बाजेवरून बघत होते.

"लांबी किती आली वं?"

"बारा फूट."

"म्या बांधली तवा अकरा होती. एक फूट कोनाचा आनला?"

टेपचा पहिला फूट कधीचाच तुटून गेला होता. आलेल्या मापातून बाबा नेहमी एक फूट वजा करायचे. लहानपणापासून बघितलेलं, आणि मी शिकलेली बाई नेमकं तेच विसरले. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसले. त्या हसण्यासाठी मी ती खोली आणखी दहा वेळा चुकीची मोजली असती.

नकाशा पुन्हा काढला. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून त्याच मापाचे तुकडे कापले: बाज, कपाट, पोती, वॉकर. तिघंही ते सरकवत बसलो. कपाट मागच्या भिंतीला गेलं, पोती चुलीकडच्या कोपऱ्यात, बाज दारासमोर. वॉकरचा तुकडा बाजेपासून दारापर्यंत कुठंही न अडता आला. दारात मी दोन रेघा काढल्या होत्या.

"हे काय वं?" मायनं विचारलं.

"उंबरठा."

सागवानी, चार बोटं उंच. त्यावरून वॉकर जाणार नाही, हे तिघांनाही कळलं. पण माय त्याला रोज सकाळी हळदकुंकू वाहायची, अंगात ताप असला तरी. तो काढा असं तिला कसं म्हणणार? शेवटी बाबा म्हणाले, "राहू दे. जाईन मी तसाच."

मायनं माझ्या हातातलं रबर घेतलं आणि त्या दोन रेघा घासून घासून पुसल्या.

"लक्ष्मीचे पाय धड आहेत," ती म्हणाली. "तिले कुठूनबी येता येते."

दुसऱ्या दिवशी तिनं उंबरठ्याला शेवटचं हळदकुंकू वाहिलं आणि सुताराला बोलावलं. त्या जागी सिमेंट मीच भरलं. बाबा बाजेवरून हुकूम सोडत होते, उतार बाहेर ठेव, थापी आडवी धर. त्या दिवशी मायच्या पाया पडावंसं वाटत होतं. पडले नाही, सणवार सोडून आमच्याकडे असलं काही करत नाहीत. म्हणून आता लिहून ठेवते.

सिमेंट वाळल्यावर एका सकाळी बाबा वॉकर धरून उठले. माय मुद्दाम खाली मान घालून भाजी निवडत राहिली, मी मुद्दाम वही उघडली. वॉकर दारातून अंगणात गेला. बऱ्याच वेळानं परत आला.

बाबा बाजेवर टेकले, दम घेतला.

"पानी दे वं," ते म्हणाले. "गिलास भरून."