बाबांच्या खोलीतली फिल्म

हिवाळ्याच्या तोंडावर मी अवधपुरी वस्तीत बाबांच्या खोलीत ती फिल्म टांगली. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू घरात झिरपतो. त्याला ना रंग ना वास, पण बंद घरात साचला तर घातक. तो मोजायला फिल्मचे नखाएवढे दोन तुकडे प्लास्टिकच्या डबीत घालून तीन महिने ठेवायचे, मग ते रसायनात धुऊन त्यांवर किरणांनी पाडलेल्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. ही माझी नोकरी. त्या वस्तीतली काही घरं निवडली होती, त्यांत बाबांचं आणि शेजारचंही होतं.

"बाबा, वेगळं काही करायचं नाही. रोज राहता तसंच राहा," मी बजावलं.

"म्हणजे इन्स्पेक्शनच की! तू टेन्शन नको घेऊस, तुझं नाव खराब होऊ देणार नाही."

त्यांची उभी हयात कारखान्यात गेली होती. तिथे तपासणी म्हटलं की आदल्या दिवशीच मशीन पुसून, फरशी धुऊन सगळं चकाचक. मी हसले आणि निघाले. ते हसणं आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मी साकेत नगरच्या माझ्या घरून दर रविवारी त्यांच्याकडे जायचे. डिसेंबरात ते खोकू लागले. "थंडीत ताक पिता, दुसरं काय होणार?" मी तोंडसुख घेतलं. त्यांनी कानटोपी खाली ओढली. जानेवारीत न्यूमोनिया झाला. आठ दिवसांत बाबा गेले.

मुदत संपल्यावर मी दोन्ही घरांतल्या डब्या काढल्या. शेजारची फिल्म खुणांनी भरलेली, बाबांची जवळपास कोरी. दोन्ही घरं एकाच बांधणीची. धुताना माझंच चुकलं असेल म्हणून दुसरा तुकडा पाहिला. तोही तसाच.

शेजारच्या आंटींना फोन केला.

"अरे, आपको पता नहीं? दिन-रात खिड़की खुली रखते थे. कितनी बार टोका मैंने. कहते थे, बेटी की जाँच है, नंबर कम आना चाहिए. बस इतवार को बंद करते थे, आप डाँटोगी इसलिए."

या वयात न्यूमोनिया कशानेही होतो, असं डॉक्टर म्हणतात. म्हणोत. परक्या घरांत मी रेडॉनवर अर्धा-अर्धा तास बोलते. आकडा कमी आला काय, जास्त आला काय, माझं काही बिघडत नाही, एवढं एक वाक्य बाबांना सांगायला मला वेळ नव्हता.

नोंदीच्या कागदावर एक प्रश्न असतो: घराचा वापर नेहमीसारखा होता का? मी 'नाही' लिहिलं. असा आकडा हिशेबात धरत नाहीत.

साऱ्या वस्तीत सर्वांत कमी आकडा बाबांचा होता. तो मी माझ्या हाताने खोडला.